थंडीतलं रनिंग आणि घरातली सायकल: स्मार्ट ट्रेनर घ्यावा का?

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं सगळं वाचायचं नाहीये त्यांची सोय होईल. स्मार्ट ट्रेनर, म्हणजे आपली सायकल बसवून घरातच एका जागी चालवायचं आणि अॅपला जोडता येणारं मशीन, जरूर घ्या, पण पळणं बंद करण्यासाठी घेऊ नका. मोठ्या गॅपनंतर परत फिट व्हायचं मनावर घेतलं आणि नेमकी थंडी सुरू झाली की दोन टोकाचे सल्ले कानावर येतात. एक म्हणजे थंडीबिंडी सगळे बहाणे आहेत, बूट घाल आणि सूट, आणि दुसरा म्हणजे कशाला बाहेर जीव गारठवतेस, ट्रेनर आण आणि उन्हाळा येईपर्यंत घरातच सायकल मार. मी हा अख्खा हिवाळा दोन्ही जोडीने केलं आणि माझं आता ठाम मत झालंय की यातलं एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. मशीनचं कौतुक आहे, तक्रारीपण आहेत, दोन्ही लिहिते.

आधी गॅपचं बोलू, कारण ते कळल्याशिवाय हे मशीन नेमकं कशासाठी घ्यायचं तेच कळत नाही. ट्रेनिंग थांबलं की सगळ्यात आधी उतरतो तो दम, आणि तो भराभर उतरतो. रक्तातल्या प्लाझ्माचं प्रमाण काही दिवसांतच कमी व्हायला लागतं, मग हृदयाच्या एका ठोक्याला जेवढं रक्त बाहेर पडायचं तेवढं पडत नाही, आणि त्याच स्पीडला हार्ट रेट वर जातो. 1984 साली एडवर्ड कॉइल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चांगल्या तयारीतल्या लोकांचं ट्रेनिंग बंद करून हे मोजलं होतं, पहिल्या 3 आठवड्यांत व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप) साधारण 7 टक्के खाली आला आणि शेवटी साधारण 16 टक्के घसरून तिथे स्थिरावला. ऐकायला वाईट वाटतं, पण परत सुरू केल्यावर दम बऱ्यापैकी लवकर वरही येतो. खरी अडचण पायांची आहे. टाचेमागची अकिलीस, नडगीचं हाड, गुडघ्याभोवतीचे लिगामेंट यांना परत भार सोसायची सवय व्हायला महिने लागतात. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर पायावर येतो आणि एका किलोमीटरला हजारेक पावलं पडतात, हिशोब तुम्हीच करा. म्हणजे होतं काय की थोड्याच आठवड्यांत छाती म्हणते अजून पळ आणि नडगी म्हणते बास, आणि आपण ऐकतो छातीचं, आणि मग परत घरी बसायची वेळ येते.

ट्रेनर या ठिकाणी कामाला येतो. सायकलवर आदळआपट नाही, त्यामुळे हृदय-फुफ्फुसांना हवं तेवढं काम देता येतं आणि पाय तेवढा वेळ सुरक्षित राहतात. पण तेच उलट बाजूने बघा, आदळआपट नाही म्हणजे हाडांना आणि टेंडनला भार पण नाही, म्हणून नुसती सायकल मारून उन्हाळ्यात एकदम पळायला गेलात तर दम भरपूर आणि नडगी कोरी, हा तर आणखी धोक्याचा प्रकार. त्यामुळे थोडंसं का होईना, हिवाळाभर पळत राहायचंच.

आता मशीन. माझा ट्रेनर डायरेक्ट ड्राइव्ह आहे, मधल्या रेंजमधला, आत बेल्ट, जड फ्लायव्हील (वेग धरून ठेवणारं वजनदार चाक) आणि इलेक्ट्रोमॅग्नेटवर चालणारा रेझिस्टन्स, म्हणजे पायांना होणारा विरोध. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण जे सांगतेय ते या जातीच्या बहुतेक सगळ्या ट्रेनरना लागू पडतं. सायकलचं मागचं चाक काढायचं आणि सायकल थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) बसवायची, चेन त्यावरून फिरते. दुसरा प्रकार म्हणजे मागचं चाक तसंच ठेवून टायरला रोलर टेकवायचा तो. तो स्वस्त आणि बसवायला सोपा, पण टायर झिजतो, जोर लावला की सटकतो, टायरमधली हवा कमी-जास्त झाली की आकडे बदलतात, आणि आवाज. मी दोन्ही वापरलेत आणि परवडत असेल तर डायरेक्ट ड्राइव्हच घ्या असं अगदी मनापासून सांगेन, पायडल मारतानाचा फीलच वेगळा आहे, फ्लायव्हील जड असल्यामुळे पाय वरच्या आणि खालच्या टोकाला अडकत नाहीत, रस्त्यावर सायकल जशी स्वतःच्या वेगाने पुढे जात राहते तसं वाटतं.

घेण्याआधी एक गोष्ट नीट तपासा, तुमच्या सायकलचा मागचा अॅक्सल (चाकाचा आस) कुठला आहे ते. क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा) असेल तर 130 किंवा 135 मिलिमीटर, थ्रू अॅक्सल (आरपार जाणारा जाड दांडा) असेल तर बहुतेक रोड सायकलना 12 बाय 142, आणि नवीन माउंटन बाइक असेल तर बूस्ट म्हणजे 148, त्याचा अॅडॉप्टर बरेचदा वेगळा मागवावा लागतो. कॅसेट बॉक्समध्ये आहे का नाही हे पण विचारा, नसेल तर तुमच्या सायकलला जेवढे स्पीड तेवढ्याची घ्यावी लागते आणि ती बसवायला लॉकरिंगचं टूल लागतं. आणि फ्रेम कार्बनची असेल तर सायकल कंपनीच्या वॉरंटीत ट्रेनरवर लावलेलं चालतं का ते वाचून घ्या. बॉक्स उघडल्या उघडल्या राइड सुरू अशी अपेक्षा ठेवू नका, पहिली संध्याकाळ पाने-स्क्रूड्रायव्हरमध्येच जाते. वजनाला पण जड प्रकरण आहे, रोज उचलून कोपऱ्यात ठेवीन म्हणाल तर होणार नाही, कायमची जागा करा.

आणि आता ज्यासाठी पैसे मोजायचे ती गोष्ट, ईआरजी मोड. अॅपमध्ये सांगायचं की मला 150 वॅट पाहिजेत, मग तुम्ही पाय हळू मारा नाहीतर जोरात, मशीन रेझिस्टन्स असा बदलत राहतं की वॅट 150 च राहतात. गॅपनंतर परत येणाऱ्या माणसाला याच्यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. कारण परत येताना आपल्या डोक्यात जुना स्पीड असतो, बाहेर पडलं की नकळत त्याच्या मागे लागतो, आणि मशीनला तुमचा जुना स्पीड माहीतच नसतो. सोप्या दिवशी सोपंच राहतं.

माझा ठरलेला सेशन म्हणजे 8 मिनिटांचे 4 इंटरव्हल, मध्ये 3-3 मिनिटं हलकं. पहिला आरामात जातो, दुसऱ्यात कपाळावर घाम, तिसऱ्याच्या मध्यावर मांड्या भरून यायला लागतात आणि तिथे ईआरजीची एक खोड कळते. पाय थकले म्हणून केडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) 90 वरून 75 वर आला की मशीन वॅट टिकवायला रेझिस्टन्स वाढवतं, त्याने पाय आणखी हळू होतात, मग ते आणखी वाढवतं, आणि काही सेकंदांत पायडल चिखलात रुतल्यासारखं गच्च होतं. यावर उपाय म्हणजे इंटरव्हल सुरू व्हायच्या पाच-सहा सेकंद आधीच केडन्स 95 च्या आसपास न्यायचा, आणि थकवा आल्यावर जोर लावण्यापेक्षा पाय हलके ठेवून पटापट फिरवायचे. रुतलंच तर इंटरव्हल पॉज करा, पाय मोकळे फिरवा, परत चालू करा. ईआरजीमध्ये गिअर बदलून वॅट बदलत नाहीत पण फ्लायव्हीलचा वेग बदलतो, म्हणून पुढची छोटी चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) लावली की चढावर चाललोय असं वाटतं आणि आवाजही कमी होतो. मला तेच आवडतं.

फॅन. ट्रेनरचा रिव्ह्यू लिहिताना लोक फॅनबद्दल एक ओळ लिहितात, माझ्या मते निम्मा रिव्ह्यू फॅनचाच पाहिजे. सायकल चालवताना आपण जेवढी ऊर्जा जाळतो त्यातली पाव-एक पायडलला पोचते, बाकीची सगळी उष्णता. म्हणजे पायडलवर 150 वॅट दिसतायत तेव्हा शरीर आणखी साडेचारशे-पाचशे वॅटची उष्णता बाहेर टाकत असतं. रस्त्यावर वारा ती घेऊन जातो, खोलीत वारा नाही म्हणून ती अंगावरच साचते, मग रक्त कातडीकडे वळतं, हार्ट रेट त्याच वॅटला चढत जातो, आणि आपल्याला वाटतं की फिटनेसच गेलाय. फिटनेस नाही गेला, हवा नाहीये. मी फॅनशिवाय आणि फॅन लावून एकच सेशन करून बघितला, शेवटच्या अर्ध्या तासातला फरक हार्ट रेटच्या ग्राफवर स्पष्ट दिसतो. छताचा पंखा पुरत नाही, समोरून छातीवर आणि चेहऱ्यावर झोत येईल असा दणदणीत टेबल फॅन किंवा पेडेस्टल पाहिजे. आणि थंडीचा खरा फायदा इथे आहे, खिडकी सताड उघडायची, पाच मिनिटं हुडहुडी भरते, नंतर तीच खोली ट्रेनरसाठी वर्षातली सगळ्यात चांगली खोली होते.

तरी घाम येणारच. हनुवटीवरून थेंब सुटतो तो बरोब्बर हँडल जिथे फ्रेमला जोडलेलं असतं तिथल्या बोल्टवर पडतो, परत परत तिथेच, सुकला की पांढरट खार दिसतो आणि दुर्लक्ष केलं तर बोल्टच्या खाचेत गंज धरतो, हँडलच्या टेपखाली पण तेच चालू असतं पण ते दिसत नाही. हँडलवर जाड टॉवेल आडवा टाकायचा, एक गळ्यात, राइड झाली की ओल्या फडक्याने फ्रेम आणि ते बोल्ट पुसायचे, मग कोरडं फडकं. थंडीत तहान कमी लागते म्हणून पाणी प्यायचं राहून जातं, मी राइडच्या आधी आणि नंतर वजन करते, एक किलो उतरलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. तासाला अर्धा ते एक लिटर माझ्या तरी अंगाला बरोबर बसतं.

आवाजाबद्दल. कंपन्या ट्रेनर सायलेंट आहे म्हणतात आणि तो खरंच आहे, पण चेनचा, गिअरचा आवाज येतोच, आणि खालच्या मजल्यावर जो जातो तो आवाज नसतोच, ती घरघर असते, थरथर. आमच्या खालच्या काकूंनी एकदा अगदी प्रेमाने विचारलं, "अगं, सकाळी सकाळी पिठाची गिरणी लावतेस का काय?" मग मी ट्रेनरखाली जाड रबराची मॅट आणि तिच्याखाली फोमचे तुकडे जोडून केलेलं आवरण घातलं, ट्रेनर भिंतीपासून लांब सरकवला, चेनला तेल दिलं, आणि काकूंच्या घरी जाऊन स्वतः ऐकून आले. आता त्यांना फक्त जोरात स्प्रिंट मारला तर कळतं आणि सकाळी मी स्प्रिंट मारत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे आधीच करा, शेजाऱ्यांनी सांगायची वाट बघू नका.

सीटचं दुखणं सांगायला लोक लाजतात पण सांगितलं पाहिजे. रस्त्यावर आपण नकळत उठतो, सिग्नलला उतरतो, खड्डा आला की अंग उचलतो, ट्रेनरवर काहीच नाही, सायकल खिळवलेली आणि आपण तासभर एकाच जागी दाबून बसलेले. बाहेर 2 तास चालणारी सीट घरात 40 मिनिटांत नकोशी होते. पॅडवाली शॉर्ट घालाच, आतून काही घालू नका, दर दहा मिनिटांनी पाऊण-एक मिनिट उभं राहून पायडल मारा, ईआरजीमध्ये उभं राहताना केडन्स पडतो म्हणून आधी एक-दोन गिअर जड करून घ्या. बायकांनी तर सीटच्या पुढच्या भागाचा दाब सहन करत बसू नये, नाक किंचित खाली करून बघा, नाहीतर मध्ये खाच असलेली सीट बघा. माझ्या बाबतीत सीट बदलल्यावर ट्रेनरवर बसायची इच्छाच बदलली.

अॅप बरीच आहेत. झ्विफ्ट सगळ्यांना माहीत आहे, ते 2014 पासून चालू आहे, गेमसारखं काल्पनिक बेट, आजूबाजूला जगभरातले लोक. मायवूश फुकट आहे. हे सगळं पोरखेळ वाटत असेल तर सांगते, सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने 2020 च्या डिसेंबरमध्ये घरात बसून चालवायच्या सायकलची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली, झ्विफ्टवरच, आणि पुरुषांत जिंकला जेसन ऑस्बॉर्न, जो मूळचा बोट वल्हवणारा जर्मन खेळाडू. बायकांत अॅशली मूलमन-पासिओ. एका खेळातला दम दुसऱ्या खेळात कसा उपयोगी पडतो याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. झ्विफ्टमध्ये एक सेटिंग आहे ट्रेनर डिफिकल्टी नावाचं, ते आधीपासून निम्म्यावर ठेवलेलं असतं, म्हणजे 10 टक्क्यांचा चढ तुम्हाला पायात 5 टक्क्यांसारखा लागतो. त्यात काही फसवणूक नाही, वॅट तेवढेच लागतात, फक्त गिअर कमी बदलावे लागतात. गुडघे नाजूक असतील तर ते आहे तिथेच राहू द्या. खरं सांगायचं तर मला अॅपचं फारसं वेड नाही, सोप्या राइडला मी गाणी लावते आणि समोर फक्त वॅट, केडन्स आणि वेळ ठेवते.

तक्रार नंबर एक, कनेक्शन. ब्लूटूथवर ट्रेनर सहसा एका वेळी एकाच डिव्हाइसचं ऐकतो. फोनवर कंपनीचं अॅप मागे उघडं राहिलं की ट्रेनर त्याला धरून बसतो आणि लॅपटॉप शोधत राहतो, शोधत राहतो, आपण घामाचे कपडे घालून सायकलवर बसलेलो. फोनचं ब्लूटूथ बंद करून राइड सुरू करायची, हा एकच इलाज कायमचा चालला. अँट प्लस (ब्लूटूथसारखीच दुसरी वायरलेस पद्धत) वापरलंत तर एका वेळी अनेक डिव्हाइस वाचू शकतात, पण त्याला लॅपटॉपला छोटा डोंगल लागतो. तक्रार नंबर दोन, फर्मवेअर, म्हणजे ट्रेनरच्या आतलं सॉफ्टवेअर. एका अपडेटनंतर माझ्या ट्रेनरचा रेझिस्टन्स ईआरजीमध्ये हेलकावे खायला लागला, 150 मागितले तर 130 ते 175 मध्ये झुलायचा, आणि कंपनीच्या सपोर्टकडून तीच ती छापील उत्तरं, रीस्टार्ट करा, अनइन्स्टॉल करा, परत इन्स्टॉल करा. पुढच्या अपडेटने गेलं ते, पण मधले दिवस पूर्ण वैताग होता. एवढ्या महाग वस्तूला जुन्या फर्मवेअरवर परत जायची सोय पाहिजेच, ती नाहीये, आणि याचे मी मार्क कापते.

आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा? या रेंजचे ट्रेनर दोन टक्क्यांच्या आसपास अचूक असल्याचं कंपन्या सांगतात. पायडलमधला पॉवर मीटर लावला तर दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि जुळावेत म्हणून रात्र जागवू नका, कालच्या आणि आजच्या मोजमापात सातत्य असलं की झालं. दहाएक मिनिटं वॉर्मअप करून मगच कॅलिब्रेशन (मशीनचं मोजमाप जुळवून घेणं) करा, थंडगार मशीनवर केलं तर त्याला अर्थ नाही. एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकेल एवढी पॉवर, ती काढायची नेहमीची पद्धत 20 मिनिटं जीव तोडून चालवायचं आणि सरासरीला 0.95 ने गुणायचं. पण गॅपनंतर लगेच ही टेस्ट करू नका, सवय नसताना 20 मिनिटं जीव तोडणं म्हणजे नुसता छळ आणि आकडापण चुकीचा. रॅम्प टेस्ट बरी, दर मिनिटाला वॅट वाढत जातात, जमेनासं झालं की थांबायचं, शेवटच्या चांगल्या मिनिटाचे 75 टक्के धरायचे. कॅलरीचा एक सोपा हिशोब, राइडमध्ये जेवढे किलोज्यूल दिसतात जवळपास तेवढ्याच किलोकॅलरी जळतात, म्हणजे 150 वॅटने तासभर चालवलं तर 540. घड्याळ मनगटावरून जे सांगतं त्यापेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा.

आता बाहेर पडू. थंडीत पळण्याबद्दल माझं मत असं की पळायला थंडीइतकी चांगली हवा नाही, फक्त पहिली दहा मिनिटं निभावायची. शरीर पळताना स्वतःच भट्टी पेटवतं, म्हणून बाहेर जेवढं तापमान आहे त्यात 10 मिळवायचे आणि त्या हवेत फिरायला जाताना जे घालाल ते घालायचं. दारात उभं असताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, वाजत नसेल तर कपडे जास्त झालेत. 5 ते 10 अंशांना मला एक पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, टाइट्स आणि पातळ हातमोजे पुरतात. शून्याकडे गेलं की आतून घाम शोषणारा बेस लेयर, वरून वारा अडवणारं पातळ जॅकेट, कानटोपी आणि गळ्याभोवती बफ (नळीसारखा कापडी पट्टा). सुती काही नको, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तेच ओलं कापड अंगाची ऊब ओढून घेतं. पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर. बोटं सगळ्यात आधी बधिर होतात कारण शरीर रक्त आत खेचतं, वेगवेगळ्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे जास्त ऊब देतात. वारा असेल तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि येताना वारा पाठीवर घ्या, घामाने ओलं झाल्यावर समोरून वारा लागला तर काही खरं नाही.

श्वासाचं. छातीत जे जळजळतं ते नुसत्या थंडीने नाही, हवा कोरडी असते म्हणून, श्वासनलिका तिला ओलावा देता देता स्वतः सुकते आणि काहींची आवळतेही. बफ नाकावर ओढला की उच्छ्वासातली वाफ त्यात राहते आणि पुढचा श्वास जरा ओलसर, कोमट मिळतो, थोड्या वेळाने बफचा तो भाग भिजून गार पडतो, मग फिरवून कोरडी बाजू पुढे घ्यायची. दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडाक्याच्या थंडीत जोर लावू नका. आणि ट्रेनर असल्याचा एक उपयोग मला फारच आवडला, बाहेर पडायच्या आधी त्यावर सात-आठ मिनिटं हलकं चालवायचं, घाम फुटायच्या आत उतरायचं, बूट घालून बाहेर. पोटऱ्या आखडलेल्या नसतात, पहिलं किलोमीटर दगडासारखं जात नाही.

बूट रात्री घरात ठेवा, गॅलरीत किंवा गाडीत नको. नेहमीच्या बुटांमधला ईव्हीए फोम थंडीत कडक होतो आणि गादी कमी लागते, पाय लगेच सांगतात. अंधारात हेडलॅम्प, आणि चमकणाऱ्या पट्ट्या छातीपेक्षा घोट्यांवर आणि मनगटांवर बांधा, हलणारे पाय ड्रायव्हरला लवकर माणूस म्हणून ओळखू येतात. फुटपाथ नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळायचं. बर्फाचा पातळ पापुद्रा असेल तर मी जात नाही, सरळ ट्रेनर. विंड चिल (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान) उणे 27 च्या खाली गेला की उघड्या कातडीला अर्ध्या तासात फ्रॉस्टबाइट (कातडी गोठून होणारी इजा) होऊ शकतो, मी त्याच्या बऱ्याच आधी घरात बसते. घरी आल्यावर आधी ओले कपडे बदला, मग स्ट्रेचिंग आणि फोन.

दोन्ही जोडायचं कसं, तर माझा नियम एकच आहे आणि हा हिवाळा त्याच्यावरच निघाला: कष्टाचं सगळं सायकलवर, पळणं सगळं आरामात. इंटरव्हल, चढ, धाप लागणारं जे काही ते ट्रेनरवर. पळताना गप्पा मारता येतील एवढाच स्पीड, पूर्ण वाक्य बोलता आलं नाही की चालायला लागायचं. आठवड्यात एक दिवसाआड तीन छोटे रन, सुरुवातीला चार मिनिटं पळून एक मिनिट चालत, आणि मधल्या दिवसांत दोन किंवा तीन राइड, त्यातली एकच कष्टाची. डब्ल्यूएचओच्या 2020 च्या गाइडलाइनमध्ये मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगितलाय, हे सगळं त्यात सहज बसतं, ताकदीसाठी मी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करते आणि स्क्वॉट मारते, अकिलीसला त्याचा फार उपयोग होतो. रनचं अंतर वाढवायची घाई नको, नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर दुखत असेल तर तो रन सायकलवर करा आणि दुखणं टिकलं तर दाखवून घ्या, सगळी पोटरी मोघम दुखत असेल तर ती सवयीची दुखणी असतात.

नव्वद दिवसांनी काय फरक पडतो असं मला सगळे विचारतात, तारखा मोजलेल्या नाहीत पण त्याच 150 वॅटला हार्ट रेट सुरुवातीपेक्षा बराच खाली आहे आणि जुन्या रस्त्यावर मी न थांबता पळतेय, नडगी शांत आहे. यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

कोणी घेऊ नये ते पण सांगते. ज्यांच्याकडे सायकलच नाहीये त्यांनी आधी सायकल आणि मग ट्रेनर असा दुहेरी खर्च करू नये, जिममधली स्पिन बाइक किंवा घरगुती एक्सरसाइज बाइक पुरेशी आहे, फक्त सीट आणि हँडल दोन्ही पुढे-मागे होतात का ते बघा. ज्यांच्याकडे वर्षभर मोकळा, कोरडा, सुरक्षित रस्ता आणि दिवसाउजेडी वेळ आहे त्यांनापण गरज नाही. आणि बजेट ताणून घेणार असाल तर नवा टायरवाला घेण्यापेक्षा जुना डायरेक्ट ड्राइव्ह बघा, उन्हाळा लागला की लोक विकायला काढतात. बघायला जाताना आपली सायकल आणि फोन घेऊन जा, फ्लायव्हील हाताने फिरवून कान लावा, खरखर किंवा टकटक ऐकू आली तर बेअरिंग गेलंय, कॅसेट हाताने धरून हलवा, खडखड वाटली तर फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) बघायला सांगा, अॅपला जोडून पाच मिनिटं ईआरजीमध्ये चालवा, आणि निघायच्या आधी चार्जर-अॅडॉप्टर आणि अॅक्सलचे सगळे छोटे तुकडे पिशवीत आहेत का ते मोजून घ्या, कारण त्यातला एक जरी हरवला असला तरी तो मिळेपर्यंत ट्रेनरवर सायकल चढत नाही.